हँडलबारवर काय लावायचं: फोन, सायकल कम्प्युटर की साधा मीटर?

चार सायकलवाले एकत्र आले की गप्पांची गाडी ठरलेल्या वळणांनी जाते. आधी टायर आणि गिअर. मग कुणाच्या साहेबाने रविवारी सकाळीच मिटिंग लावली ते. आणि मग फोन: कुणाचा ऐन घाटात बंद पडला, कुणाची अख्खी राइड रेकॉर्डच झाली नाही, कुणाचा खड्ड्यात माउंटसकट उडाला. नव्याने नियमित सायकल चालवू लागलेला माणूस हे सगळं ऐकून घेतो आणि रास्त प्रश्न विचारतो, "फोन आहेच की हातात, मग वेगळा कम्प्युटर कशाला विकत घ्यायचा?"

कागदावर बघितलं तर फोनच जिंकतो. जीपीएस आहे, नकाशे आहेत, स्क्रीन मोठी आणि रंगीत आहे, इंटरनेट आहे, आणि पैसे आधीच मोजून झालेत. सायकल कम्प्युटर म्हणजे हँडलबारवर लावायचं, राइडचे आकडे आणि मार्ग दाखवणारं छोटं जीपीएस यंत्र; त्याची स्क्रीन फोनच्या निम्मीही नसते आणि तो सायकलवरून उतरल्यावर कशाच्याही उपयोगाचा नाही. तरीही लांब पल्ल्याला जाणारी बहुतेक मंडळी हँडलबारवर तोच लावतात आणि फोन पाठीमागच्या खिशात टाकतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचावं लागणार नाही. रोजची राइड तासा-दीड तासाच्या आत संपत असेल तर नवीन काही घेऊ नका. त्याच्या बरंच पुढे जात असाल तर कम्प्युटर घ्या, आणि तो घेताना अचूकता, वॅट्स, रंगीत आलेख वगैरे कारणं स्वतःला सांगू नका. खरं कारण साधं आहे: राइड संपेपर्यंत तुमचा फोन फोन म्हणून शिल्लक राहिला पाहिजे.

बॅटरीचा हिशेब

फोनची बॅटरी कम्प्युटरच्या बॅटरीपेक्षा कितीतरी मोठी असते. तरी ती आधी संपते, कारण ती स्क्रीन पोसत असते. जीपीएस बिचारा थोडक्यात भागवतो. स्क्रीन बंद करून फोन खिशात टाकला आणि नुसतं रेकॉर्डिंग चालू ठेवलं, तर धडधाकट बॅटरीचा आजचा फोन सकाळची लांब राइड सहज काढतो. तोच फोन नकाशा उघडा ठेवून, ब्राइटनेस पूर्ण चढवून हँडलबारवर लावा. टक्के डोळ्यांदेखत उतरताना दिसतील. त्यात रस्ता नेटवर्क नसलेल्या भागातून गेला तर फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि आणखी खर्च करतो.

कम्प्युटरची युक्ती त्याच्या स्क्रीनमध्ये आहे. बऱ्याच कम्प्युटरांची स्क्रीन बाहेरून पडणारा उजेड परत फेकून अक्षरं दाखवते. ऊन जितकं कडक तितकं ती स्पष्ट दिसते आणि दिवसा मागचा दिवा लावावा लागत नाही. फोनच्या स्क्रीनचं नेमकं उलट: तिला उन्हाशी झगडून स्वतःचा उजेड वाढवावा लागतो. म्हणूनच गार्मिन एज ५४० सारखं छोटं यंत्र कंपनीच्या दाव्यानुसार २६ तास चालतं आणि बचतीच्या मोडमध्ये ४२ तास. हे आकडे कंपनीचे आहेत, तेव्हा बॅटरी जुनी झाल्यावर त्यातून थोडं वजा करायचं. पण निम्मे धरले तरी फोन त्यांच्या जवळपास येत नाही.

यात अलीकडे एक गंमत झाली आहे. लोकांना फोनसारखी झळझळीत स्क्रीन हवी असते, म्हणून कंपन्यांनी ती द्यायला सुरुवात केली. एज १०४० चा दावा ३५ तासांचा होता. त्याच्यानंतर २०२४ मध्ये आलेल्या, चकचकीत स्क्रीनच्या एज १०५० चा दावा २० तासांवर आला. म्हणजे कम्प्युटरला फोनसारखं केलं की फोनचा रोग त्यालाही थोडा लागतो. दुकानात दोन्ही शेजारी ठेवले तर नवीनच सुंदर दिसेल, कारण दुकानात ऊन नसतं.

किती तास लागतात हे ज्याने त्याने ठरवावं, पण मोजपट्टी हवी असेल तर ब्रेव्हेची, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब राइडची, घ्या. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४०. तुमचं स्वप्न २०० पर्यंतचं असेल तर जवळजवळ कुठलाही बरा कम्प्युटर एका चार्जमध्ये पुरतो. ४०० च्या पुढे पॉवर बँक लागतेच, मग पाहायचं एवढंच की यंत्र चालू असताना चार्ज होतं का आणि त्या वेळी चार्जिंगचं तोंड पावसात उघडं पडतं का. पुढच्या चाकात डायनॅमो हब असेल तर तिथूनही वीज मिळते. पण हे हब साधारण ६ व्होल्ट आणि ३ वॅटचे असतात. त्यावर कम्प्युटर आरामात जगतो. स्क्रीन चालू असलेल्या फोनचं पोट त्यात भरत नाही, आणि चढावर वेग पडला की तेवढंही मिळत नाही.

आता फोनची बॅटरी संपली तर नेमकं काय होतं? राइडचा आलेख अर्धवट राहतो, हे किरकोळ. पण पंक्चर किट पुरं पडलं नाही तर कुणाला बोलावणार? अंधार पडल्यावर रस्ता चुकला तर? पैसे द्यायचे तर? आजारी माणूस घरी ठेवून दोन तासांसाठी बाहेर पडला असाल तर घरचे तुम्हाला कुठे गाठणार? हे सगळं ज्या एका वस्तूवर अवलंबून आहे, तिच्याकडून वेग आणि केडन्स (मिनिटाला पायडलचे फेरे) दाखवण्याचं हमालीचं काम करून घेणं मला पटत नाही.

ऊन, पाऊस आणि हादरे

ॲपल आपल्या फोनसाठी सांगते ते वापरण्याचं तापमान शून्य ते ३५ अंश सेल्सिअस. उन्हात हँडलबारवर लावलेला काळा फोन याच्या पलीकडे जायला वेळ लागत नाही. मग तो स्वतःला वाचवण्यासाठी आधी स्क्रीन मंद करतो, चार्जिंग थांबवतो आणि अगदीच तापला तर काम बंद ठेवतो. म्हणजे स्क्रीन सर्वात जास्त उजळ हवी असते तेव्हाच ती मंद होते.

पावसात फोन मरत नाही, आजकालचे बरेच फोन पाणी झेलतात. अडचण बोटाची असते. टचस्क्रीनला पाण्याचा थेंबही बोटासारखाच वाटतो, त्यामुळे नकाशा आपोआप सरकतो, ॲप बदलतं, क्वचित रेकॉर्डिंगही थांबतं. पूर्ण बोटांचे हातमोजे घातले तर आणखी वैताग. इथे बटणांचा कम्प्युटर सरळ पुढे निघून जातो. एज ५४० ला फक्त बटणं आहेत आणि ८४० ला बटणं अधिक टच. घरी बसून हाताळताना ८४० सोयीचा वाटतो, भर पावसात दोन्ही सारखेच, कारण तेव्हा तुम्ही बटणंच दाबणार.

हादऱ्यांबद्दल बरीच भीती घातली जाते, तिची हद्द समजून घ्या. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने जाहीर सूचना काढली की मोटरसायकलच्या ताकदवान इंजिनाची थरथर हँडलमधून पोचत राहिली तर आयफोनच्या कॅमेऱ्यातली प्रतिमा स्थिर ठेवणारी यंत्रणा बिघडू शकते. ही सूचना इंजिनाच्या गाड्यांसाठी होती. मोपेड आणि इलेक्ट्रिक स्कूटरसाठी हादरे शोषणारं माउंट वापरा, असं तिच्यात म्हटलं होतं. पायडलच्या सायकलला इंजिन नाही. तरीही खडबडीत रस्त्यावर, कडक हवा भरलेल्या बारीक टायरवर फोन लावणार असाल तर रबरी दट्ट्या असलेलं माउंट घ्यावं. आणि पडलात तर हँडलबार आधी आपटतं, त्यावरची मोठी काच त्याच्याबरोबर. नेमका तेव्हाच फोन लागणार असतो.

अचूकतेचं भांडण

ग्रुप राइड संपली की सगळे आपापली किलोमीटर्स वाचून दाखवतात आणि कुणाचीच जुळत नाहीत. मग "तुझ्या फोनचा जीपीएस फालतू" सुरू होतं. यात कम्प्युटरवाल्यांचा तोरा बऱ्याच अंशी उसना आहे. उपग्रहांकडून दोन वेगळ्या फ्रिक्वेन्सींवर सिग्नल घेणारी चिप उंच इमारती आणि दाट झाडी यांच्यात चांगली चालते, आणि ती आधी आली फोनमध्येच: शाओमीचा मी ८, साल २०१८. गार्मिनच्या सायकल कम्प्युटरमध्ये ती २०२२ मध्ये एज १०४० बरोबर आली. तेव्हा फोन नवा आणि बरा असेल तर रस्त्यावरची तुमची रेघ कम्प्युटरपेक्षा वाईट उमटेलच असं नाही. खिशात, घामट जर्सीच्या आणि तुमच्या पाठीच्या आड राहून मात्र त्याला आकाश कमी दिसतं, हे खरं.

फोनची खरी खोड वेगळी आहे. बॅटरी वाचवण्याच्या नादात अँड्रॉइड फोन पाठीमागे चालणारी ॲप्स परस्पर बंद करतात, आणि काही कंपन्यांचे फोन यात फारच उत्साही आहेत. राइड संपवून बघावं तर नकाशावर एक सरळ रेघ डोंगर आणि तलाव ओलांडून गेलेली! जीपीएस बिनचूक होता, ॲपच झोपवलं गेलं होतं. फोनवर राहायचं ठरवलंत तर सेटिंग्जमध्ये जाऊन रेकॉर्डिंगच्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सोडवा आणि लोकेशनची परवानगी स्क्रीन बंद असतानाही चालेल अशी द्या. या दोन गोष्टी केल्या की निम्म्या तक्रारी मिटतात.

चढाईचे आकडे हा तर कायमचा वाद. जीपीएसला आडवं अंतर जितकं कळतं तितकी उंची कळत नाही. म्हणून बऱ्या कम्प्युटरांत हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो. समुद्रसपाटीच्या जवळ साधारण ८ मीटर चढलं की दाब १ हेक्टोपास्कलने उतरतो. चढाची टक्केवारी चालता चालता दाखवायची तर हीच पद्धत कामाची. पण हवामान पालटलं, वादळी ढग आले, तर जागेवर उभं राहूनही दाब बदलतो आणि यंत्र समजतं आपण चढतोय किंवा उतरतोय. सेन्सरच्या बारीक भोकात पाणी गेलं तरी तेच. काही फोनांतही हा सेन्सर असतो, स्वस्त फोनांत बहुधा नसतो, आणि स्ट्राव्हासारखी राइड नोंदवणारी ॲप्स मग नकाशातल्या उंचीवरून चढाई काढतात. त्यामुळे एकाच घाटाचे दोघांचे आकडे वेगळे आले तर दोघांपैकी कुणी खोटं बोलत नाही. रोजच्या तुलनेसाठी एवढंच पाळा की यंत्र बदलू नका.

सेन्सर जोडायचे आहेत का?

छातीचा हार्ट रेट पट्टा, केडन्स, पायांचा जोर वॅट्समध्ये मोजणारा पॉवर मीटर यांत रस नसेल तर हा भाग सोडून द्या.

रस असेल तर सेन्सर ज्या दोन बिनतारी भाषांत बोलतात त्या लक्षात घ्याव्या लागतात, ब्लूटूथ आणि अँट प्लस. कम्प्युटरांना बहुधा दोन्ही येतात. आयफोनला अँट प्लस येत नाही, अँड्रॉइडवरही आता ते गृहीत धरता येत नाही. नवे सेन्सर दोन्ही बोलतात म्हणून हे फार अडत नाही; मित्राने दिलेला जुना पट्टा जोडताना अडतं. त्याहून मोठा फरक भरवशाचा आहे. कम्प्युटरचं अस्तित्वच या कामासाठी असतं, तर ॲपवाल्यांसाठी ती बाजूची सोय असते आणि ते ती काढूनही घेऊ शकतात. स्ट्राव्हाने ऑक्टोबर २०१९ मध्ये आपल्या फोन ॲपमधून सेन्सर थेट जोडण्याची सोय काढून टाकली होती. ब्लूटूथ हार्ट रेटपुरती ती २०२० मध्ये परत आली. मधल्या काळात नुसत्या फोनवर अवलंबून असलेल्यांना दुसरी ॲप्स शोधावी लागली.

मागून येणाऱ्या गाड्यांची सूचना देणारा रडार दिवा मात्र मी सेन्सरांत सर्वांत वर ठेवीन. गार्मिनचा व्हारिया आरटीएल५१५ मागची गाडी १४० मीटरपर्यंतच्या अंतरावरून टिपतो असं कंपनी सांगते. तो फोनच्या ॲपलाही जोडता येतो, पण डोळ्यांच्या टप्प्यात कायम चालू असलेल्या पडद्यावर त्याचा ठिपका सरकताना दिसण्यात खरी मजा आहे, आणि तसा पडदा दिवसभर परवडतो तो कम्प्युटरलाच.

ऑफिस हँडलबारवर बसतं तेव्हा

आता माझ्या मते या निवडीतला सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी बोलला जाणारा मुद्दा. फोन हँडलबारवर लावला की त्याच्याबरोबर ऑफिसही येऊन बसतं. वळणाचा बाण दिसतोय तिथेच वरून पट्टी सरकते: "आहात का? एक छोटा विषय होता." छोटा विषय कधीच छोटा नसतो, हे नोकरी करणाऱ्याला सांगायला नको. तुम्ही उत्तर दिलं नाही तरी पुढचे पाच किलोमीटर पाय सायकलवर आणि डोकं त्या एका ओळीवर. चढ कधी संपला कळत नाही.

यात सुरक्षेचा भाग आहे तो साध्या गणिताचा. ताशी २५ किलोमीटरने जाताना दोन सेकंद मेसेज वाचला की जवळपास १४ मीटर रस्ता न बघता कापला. पुढच्या सायकलच्या चाकामागे दोन हातांवर चालत असाल तर याचा अर्थ काय होतो हे वेगळं सांगायला नको.

कम्प्युटरवरही मेसेज येतात, ब्लूटूथने. पण दोन फरक पडतात. ते एकदाच बंद केले की कायमचे बंद राहतात, कारण त्या यंत्रावर दुसरं काही करण्यासाठी ते पुन्हा चालू करावे लागत नाहीत. आणि चालू ठेवले तरी तिथे मेसेजमधून चित्र, चित्रातून दुवा, दुव्यातून बातमी अशी घसरगुंडी नाही. नाव दिसतं, ओळ दिसते, संपलं. यंत्राचं हे अपंगत्व मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो.

तुम्ही डॉक्टर असाल, सर्व्हर सांभाळत असाल, कामाचा फोन उचलणं भागच असेल, तर पूर्ण बंद ठेवणं जमणार नाही. तेव्हा फोन खिशात ठेवून फोकस किंवा डू नॉट डिस्टर्ब लावा आणि ज्यांचा फोन खरोखर घ्यावा लागतो ते नंबर अपवादात टाका. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींत ही सोय आहे. खिशात फोन वाजला की थांबायचं, कडेला उतरायचं, मग बोलायचं. हँडलबारवरचा फोन चालता चालताच उचलायचा मोह होतो, खिशातला तुम्हाला थांबायला लावतो.

इथेच एक जमात आठवते: माइक बंद करून, एका कानात इअरफोन घालून, राइडवरच मिटिंग "अटेंड" करणारी. त्यांना स्वतःला हे फार हुशारीचं वाटतं. त्यांच्या मागे चालवणाऱ्यांना विचारा.

सायकलने कामावर जाणाऱ्यांसाठी हिशेब थोडा उलटतो. ठरलेला रस्ता, अर्धा-पाऊण तास, पोचल्यावर चार्जर. नकाशा लागत नाही, आकडे लागत नाहीत. कम्प्युटर घेतला तर तो रोज काढा, रोज लावा, आणि ऑफिसच्या पार्किंगमध्ये एखाद्या दिवशी विसरा. अशांनी फोन बॅगेत टाकून रेकॉर्ड करावं, किंवा तेही करू नये. कामावर जाण्याचा आलेख कुणी बघत नाही.

रस्ता शोधताना फोन पुढे

कम्प्युटरचे गोडवे गाऊन झाल्यावर हे कबूल करायलाच हवं की अनोळखी ठिकाणी आयत्या वेळी "जवळचं सायकलचं दुकान" शोधायचं तर फोनला पर्याय नाही. कम्प्युटरच्या इवल्याशा स्क्रीनवर पत्ता टाइप करणं म्हणजे शिक्षा. वाट चुकल्यावर नवीन वाट काढायला तो वेळ घेतो आणि कधीकधी चुकलेल्या वळणाकडेच परत ओढत राहतो. शहाणपणाची रीत अशी की मार्ग आदल्या रात्री फोनवर किंवा लॅपटॉपवर आखायचा, जीपीएक्स फाइलने (मार्गाची रेघ साठवणारी फाइल) किंवा सिंकने कम्प्युटरवर पाठवायचा आणि राइडमध्ये फक्त रेघ धरून जायचं. रस्ता बंद निघाला तर खिशातून फोन काढून बघायचं.

आयत्या वेळी वाट ठरवत भटकायला आवडतं अशांनी मात्र कम्प्युटरवर पैसे घालण्याआधी विचार करावा. त्यांना फोनचा आवाज पुरतो: स्क्रीन बंद, फोन फ्रेमवरच्या छोट्या पिशवीत, आणि "पुढे दोनशे मीटरवर डावीकडे" असं स्पीकरवरून ऐकत जायचं. बॅटरीही टिकते. हा उपाय लोक विसरतात, कारण आपल्याला फोन म्हटलं की बघायचीच वस्तू वाटते.

एक गैरसमजही दूर करतो. पडल्यावर घरी आपोआप संदेश पाठवणं, घरच्यांना चालू नकाशा दाखवणं या गोष्टी कम्प्युटरच्या खोक्यावर छापलेल्या असतात. पण बाजारातल्या बहुतेक कम्प्युटरांना स्वतःचं सिम नसतं. संदेश जातो जोडलेल्या फोनमधूनच. फोन घरी ठेवून नुसता कम्प्युटर घेऊन गेलात, किंवा फोन बंद पडला, तर ही सोय नाहीच.

आणि साधा मीटर?

याला कुणी विचारत नाही म्हणून मुद्दाम जागा देतो. चाकाच्या आऱ्याला चुंबक, काट्याला सेन्सर, हँडलबारवर राखाडी पडदा. चाकाच्या एकेका फेऱ्याची मोजणी करून वेग आणि अंतर सांगतो. उपग्रह नको, ॲप नको, खातं नको, अपडेट नको. नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी कित्येक महिने जाते. बोगद्यात चालतो, दाट झाडीत चालतो, वेग बदलला की लगेच दाखवतो.

अचूकता तुमच्या हातात असते. चाकाचा परीघ मिलिमीटरमध्ये भरायचा: ७०० बाय २५ च्या टायरला साधारण २१०५, ७०० बाय २८ ला २१३६. टायर बदलला आणि आकडा बदलला नाही तर दीड टक्का फरक पडतो, म्हणजे शंभर किलोमीटरला दीड किलोमीटर. काटेकोर व्हायचं असेल तर टायरवर खडूची खूण करून, सायकलवर बसून एक फेरा सरळ पुढे जायचं आणि जमिनीवरच्या दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजायचं.

तो काय देत नाही? नकाशा, चढाई, मित्रांना दाखवायचा आलेख. यांपैकी ज्याची खरोखर चुटपुट लागेल ते आठवा. काहीच आठवलं नाही तर तुमची खरेदी इथेच संपली. फोन खिशात रेकॉर्ड करत असेल आणि समोर साधा मीटर असेल, तर महागड्या कम्प्युटरचं बरंचसं काम या जोडीने भागतं. नवख्याला मी पहिला सल्ला हाच देतो आणि तो फारसा कुणी ऐकत नाही, कारण राखाडी पडदा फोटोत चांगला दिसत नाही.

मनगटावरचं घड्याळ

आधीच असेल तर वापरा, यासाठी नवीन घेऊ नका. हँडलबार धरलेला असताना मनगट वळवून आकडा बघणं गैरसोयीचं आणि उतारावर धोक्याचंही. हादरे आणि वाकलेलं मनगट यांमुळे घड्याळाचा हार्ट रेट सायकलवर छातीच्या पट्ट्याइतका भरवशाचा राहत नाही. ॲपल वॉचवाल्यांसाठी २०२३ च्या वॉच ओएस १० ने एक चांगली गोष्ट केली: पॉवर, वेग आणि केडन्सचे ब्लूटूथ सेन्सर घड्याळाला थेट जोडता येतात आणि आकडे आयफोनच्या पूर्ण स्क्रीनवर दिसतात. म्हणजे पुन्हा फोन हँडलबारवर आला, आणि वर लिहिलेलं सगळं त्याला लागू झालं. पळणं, पोहणं आणि सायकल असं तिन्ही करणाऱ्याला घड्याळ घ्यावंच लागतं. त्याने ते काठीला रबरी पट्ट्याने गुंडाळावं तसं हँडलबारवर बांधलं तरी चालतं, फक्त मग हार्ट रेटसाठी पट्टा वेगळा.

जुना फोन पडून असेल तर?

कल्पना चांगली आहे आणि फुकट आहे. सिम काढा, नकाशे आधीच उतरवून घ्या, विमान मोड लावून लोकेशन चालू ठेवा, हँडलबारवर बसवा. ऑफिसचा प्रश्न सुटतो आणि खरा फोन खिशात सुरक्षित राहतो. इंटरनेट नसल्यामुळे उपग्रह शोधायला सुरुवातीला वेळ लागेल, कारण एरवी फोनला ही माहिती नेटवरून आयती मिळते. घरून निघण्याआधी मोकळ्या आकाशाखाली थोडा वेळ ठेवला की झालं. अडचण एकच, जुन्या फोनची बॅटरी थकलेली असते आणि उन्हाचे हाल तेच. दोन-तीन तासांच्या राइडसाठी तरीही करून बघण्यासारखं, आणि कम्प्युटर घ्यावा की नाही याचा अंदाज पैसे न घालता येतो. महिनाभर समोर आकडे ठेवून चालवा. ते बघावेसे वाटले नाहीत तर साधा मीटरही नको.

आकडे राहतात कुठे?

कुठलंही यंत्र घेतलं तरी तुमच्या राइड्स शेवटी कुणाच्या तरी सर्व्हरवर जातात. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर सायबर हल्ला झाला आणि त्यांची सेवा काही दिवस ठप्प होती. त्या दिवसांत यंत्रं चालत होती, आपोआप सिंक बंद होतं; यूएसबीने राइडची फिट फाइल काढून दुसरीकडे चढवता येत होती. त्याच वर्षी मे महिन्यात स्ट्राव्हाने सेगमेंटची (रस्त्याच्या ठरलेल्या तुकड्यावर कोण किती वेगवान याची) पूर्ण क्रमवारी पैसे भरणाऱ्यांपुरती केली. म्हणून घेताना एवढं बघा की राइडची फाइल केबलने किंवा ॲपमधून स्वतःकडे उतरवता येते का. कम्प्युटरमध्ये ती यंत्रातच पडून असते, ही जमेची बाजू.

घराचा पत्ता लपवण्याचं सेटिंग पहिल्याच दिवशी लावा, फोन असो की कम्प्युटर. लोकांच्या राइड आणि धावण्याच्या रेघा एकत्र केलेल्या स्ट्राव्हाच्या जगाच्या नकाशावर २०१८ च्या जानेवारीत लष्करी तळांच्या वाटा उजळलेल्या दिसल्या होत्या. महागडी सायकल रोज पहाटे कुठून निघते हे कळायला त्याहून कमी हुशारी लागते.

तर कुणी काय घ्यावं

कामावर जाणं-येणं एवढंच असेल: काही नाही. हौस असेल तर साधा मीटर.

शनिवार-रविवार तीस-चाळीस किलोमीटर, ओळखीचे रस्ते: खिशात फोन, समोर मीटर किंवा जुना फोन.

शंभरच्या पुढे जाऊ लागलात, पहाटे अंधारात निघून दुपारी परतता, अनोळखी घाट शोधता: कम्प्युटर. त्यातही बटणांचा, उन्हात दिसणाऱ्या साध्या स्क्रीनचा आणि वळणाची सूचना देणारा. सर्वांत महाग मॉडेल लागत नाही. मोठी स्क्रीन चष्मा लागणाऱ्यांनी घ्यावी, बाकीच्यांनी मधलं.

घरात ट्रेनरवर (सायकल जागीच चालवायच्या स्टँडवर) जास्त आणि बाहेर कमी चालवत असाल तर फोन किंवा टॅबलेटच ठीक, तिथे ना ऊन आहे ना पाऊस.

ई-बाइक असेल तर आधी तिचा स्वतःचा पडदा काय काय दाखवतो ते बघा, बऱ्याचदा वेगळं काही लागत नाही.

आणि कुणाचा तरी वापरलेला कम्प्युटर मिळत असेल तर तो जरूर बघा, या वस्तू टिकाऊ असतात आणि हौस संपलेले लोक त्या लवकर विकतात. घेताना तीन ठिकाणी हात लावून पाहा: चार्जिंगच्या तोंडावरचं रबरी झाकण घट्ट बसतंय का, मागचे माउंटचे दोन प्लास्टिकचे दात तुटलेले नाहीत ना, आणि पूर्ण चार्ज करून, जीपीएस चालू ठेवून एका तासात किती टक्के उतरतात. विकणाऱ्याने यंत्र आपल्या खात्यातून काढून टाकलंय याची खात्री समोरच करून घ्या, आणि माउंटबरोबर येणारी छोटी दोरी हँडलबारला बांधायला विसरू नका.